कर्ली हेअर टॅरँटुला : सेंटीमीटरभर पिल्लापासून पूर्ण वाढीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा : पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कर्ली हेअर टॅरँटुलाचं, म्हणजे एका मोठ्या केसाळ कोळ्याचं, साधारण एक सेंटीमीटरचं पिल्लू आहे. दहा दिवसांपूर्वी त्याने बिळाचं तोंड मातीने बुजवून घेतलं. तेव्हापासून ते दिसलेलं नाही, अन्नालाही शिवलेलं नाही. ते जिवंत आहे का, उकरून पाहावं का, आणि पुढे पूर्ण वाढेपर्यंत त्याला सांभाळायचं कसं?

आधी तातडीचं सांगतो. उकरू नका. बीळ बुजवून घेणं हे बहुतेक वेळा कात टाकण्याच्या तयारीचं लक्षण असतं. आत पिल्लू जाळ्याच्या गादीवर पाठीवर पडलेलं असेल आणि तुम्ही वरून माती हलवलीत, तर मऊ पडलेले पाय दुखावतात, कधी पिल्लू दगावतं. डबीच्या एका कडेने सिरिंजने एक मिलिलिटर पाणी सोडा, बिळाच्या तोंडावर नको. मग तीन-चार आठवडे वाट पाहा. उपाशी राहून एवढ्यात ते मरत नाही. तहानेने मात्र मरू शकतं. पिल्लं दगावण्याची मोठी कारणं दोनच : कोरडी पडलेली माती आणि पाळणाऱ्याची अधीरता.

आता सगळं पहिल्यापासून.

या जातीचं शास्त्रीय नाव त्लिल्तोकात्ल अल्बोपिलोसस. मूळ वस्ती मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि कोस्टा रिका भागात. २०२० पर्यंत ती ब्रॅकिपेल्मा या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) मोडत असे, म्हणून जुन्या विक्रेत्यांच्या यादीत तेच नाव दिसतं. नवं नाव नाहुआत्ल भाषेतलं आहे, अर्थ ‘काळा कोळी’. मादी पायाच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत तेरा ते पंधरा सेंटीमीटर होते आणि नीट सांभाळली तर वीस वर्षांच्या आसपास जगते. नर त्या मानाने फार थोडं जगतो. पहिल्यांदा पाळणाऱ्यासाठी याहून चांगली जात सुचवणं कठीण : शांत, खादाड, थंडी-उन्हाच्या फरकात तग धरणारी.

भारतात राहणाऱ्यांनी कायद्याची बाजू आधी पक्की करावी. ब्रॅकिपेल्मा आणि त्लिल्तोकात्ल या दोन्ही प्रजाती साइटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइटिसच्या परिशिष्टांतले परदेशी प्राणी त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करायची असते. पुढे तो दुसऱ्याला दिला किंवा मेला तर तेही कळवायचं असतं. विकत घेताना कागद मागा. कागद नाहीत म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

आणि सह्याद्रीतला कोळी पकडून आणायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडावा. आपल्या घाटांत पोइसिलोथेरिया रेगालिस, चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस असे देखणे टॅरँटुला आहेत. पोइसिलोथेरियाची अख्खी प्रजाती २०१९ मध्ये साइटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली, कारण पाळीव बाजारासाठी होणाऱ्या चोरट्या पकडीने त्यांचं नुकसान होतं. आंध्रातल्या गुटी गावावरून ओळखला जाणारा निळा पोइसिलोथेरिया मेटालिका तर अतिसंकटग्रस्त आहे. शिवाय या आपल्या जाती विजेसारख्या पळतात, आणि पोइसिलोथेरिया चावला तर स्नायूंत गोळे येणं काही दिवस टिकू शकतं. जंगलातला कोळी जंगलातच राहू द्यावा.

पहिलं घर

एक ते दोन सेंटीमीटरच्या पिल्लाला पन्नास ते शंभर मिलिलिटरची पारदर्शक, घट्ट झाकणाची डबी पुरते. औषधाच्या दुकानातली नमुन्याची नवी डबी किंवा मसाल्याची छोटी प्लॅस्टिकची बरणी चालते, मात्र मसाल्याचा वास धुऊन पूर्ण गेलेला हवा. मोठ्या डब्यात पिल्लू ठेवलं तर ते सापडत नाही, खाल्लं की नाही कळत नाही आणि उरलेलं अन्न कोपऱ्यात कुजतं.

हवेची भोकं तापवलेल्या सुईने बाजूंना, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात पाडा. समोरासमोर दहा-बारा भोकं पुरेत. झाकणालाच भोकं पाडली तर हवा खेळत नाही. भोक एक मिलिमीटरपेक्षा मोठं नको. पिल्लाचं पोट दबतं, पण डोक्याकडचं कडक कवच दबत नाही. जिथून ते कवच जातं तिथून अख्खं पिल्लू जातं, आणि एवढ्याशा पिल्लाचं कवच दोन-तीन मिलिमीटरचं असतं.

मातीसाठी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. विटेच्या रूपात मिळणारं स्वस्त कोकोपीट पुष्कळदा खारट असतं, म्हणून भिजवून दोन-तीन पाण्यांतून धुवा. नुसतं कोकोपीट भुसभुशीत राहतं आणि बीळ ढासळतं. तीन भाग कोकोपीटला एक भाग चाळलेली, खत किंवा औषध न घातलेली साधी माती मिसळली की बिळाच्या भिंती टिकतात. ती माती लोखंडी तव्यावर कडक भाजून, पूर्ण गार करून घ्या, म्हणजे माइट (अगदी बारीक कोळीवर्गीय जीव) आणि अंडी मरतात. नर्सरीतलं तयार मिश्रण नको, त्यात शेणखत, निंबोळी पेंड किंवा कीटकनाशक असू शकतं. ओलावा किती? मूठ दाबली की लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून फार तर एखादा थेंब यावा. डबीचा दोन तृतीयांश भाग या मातीने हलकेच दाबून भरा, पेन्सिलने कडेला तिरकं, दोन सेंटीमीटर खोल भोक करा आणि वर सालीचा एखादा तुकडा ठेवा. पिल्लू ते भोक आपलं मानून पुढे स्वतः खोदतं. डबीच्या भिंतीला लागून बीळ केलं तर तुमचं नशीब चांगलं, आतलं सगळं दिसतं.

पाणी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

मोठ्या टॅरँटुलाच्या अंगावर मेणकट थर असतो, तो अंगातलं पाणी धरून ठेवतो. पिल्लाचा तो थर पातळ असतो आणि आकाराच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. म्हणून मोठा कोळी कोरड्या मातीवर मजेत राहतो, पिल्लू मात्र सुकतं. उपाय म्हणून लोक रोज स्प्रेने फवारे मारतात. त्यातलं बरंचसं पाणी वरच्या थरात राहतं, दुसऱ्या दिवशी उडून जातं, आणि खाली जिथे पिल्लू बसलेलं असतं तिथली माती कोरडीच राहते. वर बुरशी, खाली वाळवंट! त्यापेक्षा सिरिंजने डबीच्या भिंतीलगत एका बाजूला एक-दोन मिलिलिटर पाणी हळूहळू सोडावं. ते थेट तळाशी जातं. वरचा थर कोरडा दिसला तरी हरकत नाही, तळाचा रंग गडद दिसला की झालं. अर्धी डबी ओलसर, अर्धी कोरडी ठेवा. कुठे बसायचं ते पिल्लू ठरवेल.

पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हे दर चार-पाच दिवसांनी करावं लागेल, थंडीत आठ-दहा दिवसांनी. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई, कोकण, गोव्याकडे, महिनामहिना पाणी घालायची गरज पडत नाही. तेव्हा धोका उलटा : साचलेली दमट हवा, बुरशी, माइट. ठरलेल्या वाराला पाणी घालू नका, डबी हातात घेऊन तळ पाहा.

पिल्लू दोन-अडीच सेंटीमीटरचं झालं की औषधाच्या बाटलीचं छोटं झाकण पाण्याची वाटी म्हणून द्या. बुडेल ही भीती नको. वाटीत स्पंज, कापूस किंवा जेल घालू नका, ते घाण धरतात आणि त्यातून कोळ्याला पाणी नीट पिता येत नाही.

पायांची हालचाल कशी होते हे कळलं की पाण्याचं महत्त्व आपोआप पटतं. टॅरँटुलाकडे पाय दुमडायचे स्नायू आहेत, पण पायांच्या दोन मुख्य सांध्यांत पाय उघडायचे स्नायूच नाहीत. पाय उघडतात ते अंगातल्या द्रवाच्या दाबाने. पाणी कमी झालं की दाब पडतो, पाय आपोआप पोटाखाली गोळा होतात. पोट सुरकुतलंय, कोळी सरळ उभ्या स्थितीत पाय आत मुडपून बसलाय, असं दिसलं तर तो तहानेने मरायला टेकलाय. पाठीवर पडलेला टॅरँटुला बहुधा कात टाकत असतो, पाय मुडपून सरळ बसलेला बहुधा मरत असतो. ही एक ओळ लक्षात ठेवली तरी पुष्कळ जीव वाचतील.

अशा कोळ्याला ओल्या टिश्यूच्या बंद डब्यात ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो. तो पाळू नका. दमट हवेने तहान भागत नाही, आणि बंद डब्यात हवा कोंदते. उथळ झाकणात पाणी घेऊन कोळ्याचा पुढचा भाग, सुळे ज्या बाजूला असतात ती बाजू, पाण्याच्या काठाला अलगद टेकवा, पोट पाण्याबाहेर राहू द्या. तहानच कारण असेल तर काही तासांत पाय उघडू लागतात.

ऊब

चोवीस ते अठ्ठावीस अंशांत ही जात उत्तम वाढते, म्हणजे महाराष्ट्रात वर्षातला बराच काळ काहीच करावं लागत नाही. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात घरात अठरा-वीस अंश झालं तर पिल्लू कमी खातं, कात लांबते, एवढंच. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) डबीखाली कधीच नको. टॅरँटुला उष्णतेपासून पळण्यासाठी खाली खोदतो, आणि खाली मॅट असेल तर सुटकेच्या वाटेनेच तो भाजतो.

खरा प्रश्न उन्हाळ्याचा. बत्तीस अंशांच्या वर लक्ष ठेवा. नागपूर, अकोला, जळगावकडे मे महिन्यात खोली सहज त्याच्या पुढे जाते. डबी आतल्या खोलीत, फरशीवर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवा. कूलरच्या खोलीत ठेवायला हरकत नाही, पण झोत थेट नको. तळ ओला राहील याची काळजी नेहमीच्या दुप्पट घ्या. खिडकीतलं ऊन दहा मिनिटंही नको, छोट्या बंद डबीत ऊन शिरलं की आत भट्टी होते.

खाणं

एक सेंटीमीटरच्या पिल्लाला जिवंत शिकार देण्याची गरज नाही. या वयात ते मेलेलं आनंदाने खातं. मीलवर्मचा (भुंग्याच्या अळीचा) चार-पाच मिलिमीटरचा तुकडा, लहान रातकिड्याचा मांसल मागचा पाय, किंवा डोकं चिरडलेलं रेड रनर झुरळाचं बारीक पिल्लू चिमट्याने बिळाच्या तोंडाशी ठेवा. पंख नसलेल्या फळमाश्या मिळत असतील तर त्याही चालतील, पण त्या एकेक पकडून देण्यात वेळ फार जातो. दर चार-पाच दिवसांनी एकदा पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं उचलून टाका, खाल्लेल्या किड्याचा चोथाही. तो गोळ्यासारखा कोपऱ्यात पडलेला दिसतो.

शिकारीची लांबी कोळ्याच्या पोटाच्या लांबीपेक्षा जास्त नको, हे माप पूर्ण वयापर्यंत चालतं. दोन सेंटीमीटरनंतर जिवंत शिकार द्यायला हरकत नाही. तीन ते सहा सेंटीमीटरच्या कोळ्याला आठवड्यातून एकदा, त्यापुढे दहा-बारा दिवसांनी, पूर्ण वाढलेल्या मादीला दोन-तीन आठवड्यांतून एक मोठं झुरळ किंवा दोन रातकिडे. मीलवर्म जिवंत सोडायचा तर आधी त्याचं डोकं चिमट्याने दाबा. नाहीतर तो मातीत शिरतो, तिथे वाढतो आणि पुढे कात टाकताना निपचित पडलेल्या कोळ्याला कुरतडतो. रातकिडाही तेच करतो. म्हणून रात्रभरात न खाल्लेली जिवंत शिकार सकाळी बाहेर.

घरातलं किंवा गटारातलं झुरळ देऊ नका. त्याने आदल्या दिवशी कुठल्या घरात विष चाटलं हे कुणाला ठाऊक? शिकारीचे किडे विकत घेतलेले किंवा घरी पैदास केलेले हवेत, आणि देण्याआधी दोन दिवस गाजर, ओट्स यांवर पोसलेले असले तर उत्तम.

किती खायला द्यायचं याचं उत्तर कॅलेंडर देत नाही, कोळ्याचं पोट देतं. पोट डोक्याकडच्या कवचाएवढं असेल तर कोळी भुकेला आहे. दीडपट असेल तर ठीक. दुपटीच्या वर गेलं की थांबा. लवकर मोठा व्हावा म्हणून रोज भरवणारे लोक आहेत. त्याने दोन तोटे होतात : पोट जमिनीला घासत राहतं, थोड्या पडण्यानेही फुटू शकतं, आणि नर असेल तर तो लवकर प्रौढ होऊन लवकर मरतो.

कात

पिल्लू दर महिना-दोन महिन्यांनी कात टाकतं. पाच-सहा सेंटीमीटरला हे अंतर तीन-चार महिन्यांवर जातं, पूर्ण वाढलेल्या मादीत वर्ष-दीड वर्षावर. आधीची चिन्हं ठरलेली : खाणं बंद, हालचाल मंद, पोट टम्म आणि चकचकीत. पोटाच्या वरच्या बाजूला, जिथले केस झडून टक्कल दिसतं, तिथली कातडी गुलाबी-करड्या रंगावरून काळी पडते, कारण खाली नवे केस तयार झालेले असतात. बारीक पिल्लात टक्कल नसलं तरी पोट काळसर, ताणलेलं दिसतं.

हे दिसलं की करायचं एवढंच : शिकार काढून घ्या, एका बाजूची माती ओली आहे ना बघा, पाण्याची वाटी भरा आणि डबी हलवणं बंद करा. कात सुरू झाल्यावर पाणी शिंपडू नका. कोळी पाठीवर पडतो, आधी डोक्याकडचं कवच झाकणासारखं उघडतं, मग पोटाच्या कडा फाटतात आणि अंगातल्या द्रवाचा दाब कमीजास्त करत तो सगळे पाय जुन्या सालीतून ओढून काढतो. पिल्लाला अर्धा-एक तास लागतो, मोठ्याला कित्येक तास. पाय, सुळे एवढंच नव्हे, तर घशाचं आणि जठराचं आतलं अस्तरसुद्धा तो टाकतो. म्हणून अंगात पाणी कमी असेल तर कात अडकते. अडकल्यावर उपाय फार थोडे आहेत. तास-दोन तास कणभरही प्रगती नसेल तर पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळून बारीक ब्रशने फक्त अडकलेल्या पायाच्या सालीवर लावावं, पोटाच्या खालच्या बाजूला फुप्फुसांची छिद्रं असतात तिथे थेंबही जाऊ देऊ नये. ओढायचं मात्र काहीच नाही. अडकलेला पाय कोळी कधी स्वतःच मुळाशी तोडून टाकतो. पुढच्या दोन-तीन कातींत तो परत येतो, आधी बारीक, मग नेहमीसारखा.

नवे सुळे पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. काळे होईपर्यंत खायला देऊ नका. पिल्लाला पाच-सात दिवस, मध्यम कोळ्याला दहा-बारा दिवस, प्रौढाला दोन-तीन आठवडे. घाई केली तर मऊ सुळे वाकतात, आणि वाकलेल्या सुळ्यांनी पुढच्या कातीपर्यंत खाता येत नाही.

टाकलेली कात फेकू नका. डबीवर तारीख लिहून ठेवा. अंदाजे पाच सेंटीमीटरच्या कातीपासून भिंगाने नर-मादी ओळखता येतात. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून कात दहा मिनिटं भिजवा, पोटाची सुरकुतलेली साल ब्रशने उलगडा आणि आतल्या बाजूने पाहा. पांढरट चौकोनी डाग चार दिसतील, ती फुप्फुसांची अस्तरं. वरच्या दोघांच्या मधोमध, आडव्या घडीवर बाहेर आलेली पिशवीसारखी झडप असेल तर मादी. घडी नुसतीच असेल तर बहुधा नर. लहान कातीत चूक होते, पुढच्या कातीला पुन्हा पाहावं.

घर बदलणं

पिल्लू डबीच्या रुंदीच्या निम्म्याला आलं की घर बदला. तीन ते सहा सेंटीमीटरला लिटरभराचा, पंधरा सेंटीमीटर लांबीचा डबा. आठच्या पुढे वीस बाय वीस. पूर्ण वाढलेल्या मादीला तीस बाय तीस सेंटीमीटरची पेटी, त्यात दहा-बारा सेंटीमीटर माती, एक सालीचं आडोसाघर, एक पाण्याची वाटी. बस.

उंचीकडे मात्र लक्ष. हा जमिनीवरचा कोळी आहे, तरी काचेवर चढतो. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. वरून पडला आणि पोट फाटलं तर वाचवणं जवळजवळ अशक्य. म्हणून उंच टाकी घ्यायचीच असेल तर माती वाढवा. झाकणाला तारेची जाळी नको, पायाच्या नख्या तिच्यात अडकतात आणि कोळी लोंबकळत पाय गमावतो. भोकं पाडलेलं ॲक्रिलिक उत्तम. कॅक्टस, टोकदार दगड, जड वस्तू मातीवर ठेवू नका. कोळी खाली खोदतो आणि ते त्याच्यावर बसतात.

हलवताना दोन्ही डबे एका मोठ्या टबात किंवा बादलीत ठेवून काम करा. कोळ्यासमोर पारदर्शक कप आडवा धरा, मागून ब्रशने मागच्या पायांना हलकेच स्पर्श करा, तो चालत कपात जाईल. फुंकर मारू नका, तिने तो उधळतो. कात येऊ घातली असताना किंवा नुकतीच होऊन गेली असताना हलवू नका. नव्या घरात तो आठवडाभर कोपऱ्यात बसेल, खाणार नाही, ते ठीकच.

हातावर घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नये. त्याला त्यातून काही मिळत नाही, आणि तो दचकून पळाला तर तुमच्या हातापासून फरशीपर्यंतचं अंतर त्याला मारायला पुरेसं आहे. चावा मधमाशीच्या डंखाएवढा. त्रास खरा केसांचा. चिडला की तो मागच्या पायांनी पोटावरचे सूक्ष्म, काटेरी केस झाडतो. त्वचेवर खाज येते, चिकटपट्टी लावून काढली की पुष्कळ केस निघतात. डोळ्यात गेले तर मात्र ते आत रुततात आणि महिनोन् महिने दाह होतो. म्हणून पेटी साफ करताना चष्मा, हातमोजे, आणि तोंड पेटीवर वाकवायचं नाही. डोळा चोळायचा नाही. केस गेल्याची शंका असली तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि टॅरँटुलाचे केस असल्याचं स्पष्ट सांगा.

काय बिघडतं

घरातलं कीटकनाशक, हा टॅरँटुलाचा सगळ्यात मोठा शत्रू. डासांचं लिक्विड, मॅट, कॉइल, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, सोसायटीचं पेस्ट कंट्रोल, कुत्र्या-मांजराच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध. यांतली बहुतेक औषधं किड्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि कोळ्याची मज्जासंस्था त्यांना तितकीच बळी पडते. पाय थरथरणं, दारू प्यायल्यासारखं अडखळणं, उलटं होऊन सरळ न होता येणं ही चिन्हं. त्यावर औषध नाही, स्वच्छ हवा, पाणी आणि नवी माती एवढंच हाती असतं. कोळ्याच्या खोलीत डासांसाठी जाळी वापरा. पेस्ट कंट्रोलची नोटीस लागली की पेटी आठ-दहा दिवस दुसऱ्या घरी न्या. कुत्र्याला औषध लावलं त्या दिवशी पेटीत हात नको.

मुंग्यांचं संकट आपल्याकडचं खास. उरलेल्या किड्याच्या वासाने लाल मुंग्या रातोरात एक मिलिमीटरच्या भोकातून शिरतात आणि पिल्लू संपवतात. खडू तर वापरता येत नाही. दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची आपली जुनी पद्धत इथे सुरेख चालते : रॅकच्या चारही पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या, पाण्यात साबणाचा थेंब, आणि रॅक भिंतीला टेकलेला नको.

पांढरे-तपकिरी, टाचणीच्या टोकाहून बारीक माइट बहुधा उरलेल्या अन्नावर आणि ओलीवर वाढतात. थोडे असले तर माती जरा सुकू द्या आणि उरलेलं अन्न काढा. कोळ्याच्या अंगावर, तोंडाजवळ चढले असतील तर माती पूर्ण बदला. उड्या मारणारे पांढरे स्प्रिंगटेल मात्र मित्र आहेत, ते बुरशी खातात. मुद्दाम सोडले तरी चालतात.

तोंडाभोवती पांढरा चिकट पदार्थ, बारीक वळवळ आणि कोळी खाणं सोडून पुढच्या आखूड पायांच्या टोकांवर चालतोय, असं दिसलं तर तो सूत्रकृमींचा प्रादुर्भाव असू शकतो. टॅरँटुलांत आढळणाऱ्या अशा एका सूत्रकृमीचं वर्णन २०२२ मध्ये झालं. यावर भरवशाचा इलाज नाही. तो कोळी ताबडतोब वेगळा करा, त्याचा चिमटा, ब्रश इतर कुठे वापरू नका, आणि त्याच्या पेटीतले किडे दुसऱ्या कोळ्याला घालू नका.

पाय तुटून रक्तासारखा निळसर द्रव ठिपकत असेल तर जखमेवर कॉर्नफ्लोअर किंवा थोडं पेट्रोलियम जेली लावा, बऱ्याचदा ते थांबतं.

प्रौढ वय

या जातीचा नर साधारण दोन-तीन वर्षांत शेवटची कात टाकतो. मग त्याच्या तोंडालगतच्या आखूड पायांच्या टोकांना मुठीसारखे गोळे येतात, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला आकडे दिसतात, पाय लांब आणि पोट लहान. तो रात्रभर पेटीत येरझाऱ्या घालतो, खाणं कमी करतो. हा आजार नव्हे, तो मादी शोधतोय. त्यानंतर तो बहुधा वर्ष-दीड वर्ष जगतो. अनेक लोक या काळात घाबरून तापमान, माती, पाणी सगळं बदलत बसतात. गरज नसते. पाणी द्या, छोटी शिकार ठेवा, जमेल तेवढं खाईल.

मादी चार-सहा वर्षांत प्रौढ होते. त्यानंतर ती कधी दोन महिने, कधी चार महिने काही खात नाही. पोट गोल आहे आणि वाटीत ताजं पाणी आहे तोवर तिला तसंच राहू द्यावं. तुम्ही गावाला पंधरा-वीस दिवस गेलात तरी भरलेली मोठी वाटी तिला पुरते. पिल्लाच्या वयात मात्र आठ दिवसांहून जास्त बाहेर जायचं असेल तर सिरिंज कशी धरायची आणि डबीचा तळ किती गडद दिसायला हवा, हे शेजाऱ्यांना आधी एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.